पिस्तूल नेमबाजीतील काडतुसांची निवड व पुनर्भरण : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

पिस्तूल नेमबाजी या क्रीडाप्रकारात काडतुसाची निवड कोणत्या निकषांवर व्हावी, परदेशातील 'प्रॅक्टिकल' नेमबाजीत खेळाडू स्वतः काडतुसे का भरतात आणि भारतीय कायद्याच्या चौकटीत हा मार्ग का खुला नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतीय पिस्तूल नेमबाजाच्या दृष्टीने काडतुसाचा प्रश्न गुणवत्तेपेक्षा उपलब्धतेचा अधिक आहे, असे लेखाचे प्रतिपादन असून त्या अनुषंगाने नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांपुढील मार्गाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : काडतूस, पुनर्भरण, रिमफायर, पॉवर फॅक्टर, शस्त्र अधिनियम, एअर पिस्तूल.

प्रस्तावना

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याच प्रकारात पुन्हा सुवर्णपदक जिंकले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद यांचे यशही याच प्रकारातील होते. त्यामुळे महाराष्ट्रात पिस्तूल नेमबाजीविषयी कुतूहल वाढले. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांकडे विद्यार्थी त्याविषयी विचारणा करू लागले. या विचारणेत पिस्तुलाविषयीचे प्रश्न बहुसंख्य असतात. काडतुसाविषयी क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक पिस्तूल एकदाच घ्यावे लागते, काडतूस मात्र रोज लागते. खेळाडूची प्रगती ज्या गोष्टीवाचून थांबते ती बहुधा हीच होय.

क्रीडाशिक्षकाखेरीज इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही हा विषय परका वाटू नये, म्हणून विवेचनात भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व कायदा या तिन्हींचा आधार घेतला आहे.

काडतुसाची रचना व दोन प्रकार

काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, स्फोटक मिश्रणाची टोपी, धूरविरहित दारू आणि शिशाची गोळी. चाप ओढल्यावर पिस्तुलातील सुई टोपीवर आदळते, टोपीतील मिश्रण पेटते, त्या ठिणगीने दारू जळते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. पुंगळी मागे उरते.

टोपीची जागा कोठे आहे यावरून काडतुसांचे दोन वर्ग पडतात. सेंटरफायर काडतुसात टोपी हा पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी बसविलेला स्वतंत्र भाग असतो. रिमफायर काडतुसात वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे काठाच्या पोकळीत, फिरवून बसविलेले असते. ऑलिंपिकमधील २५ मीटरच्या दोन्ही पिस्तूल प्रकारांत वापरले जाणारे ०.२२ लाँग रायफल हे काडतूस या दुसऱ्या वर्गातील असून ते १८८७ पासून प्रचारात आहे. त्याची गोळी ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी, राखलेला असतो.

हा भेद पुनर्भरणाच्या दृष्टीने निर्णायक आहे. सेंटरफायर पुंगळीतील जळलेली टोपी काढून नवी बसविता येते. रिमफायर पुंगळीची कडच सुईच्या आघाताने चेपली जाते आणि तिच्यात मिश्रण पुन्हा बसविण्याचा व्यवहार्य उपाय नाही. म्हणजे भारतातील बहुतांश पिस्तूल नेमबाज जे काडतूस वापरतात, त्याच्या बाबतीत पुनर्भरणाचा प्रश्न कायद्यापूर्वी रचनेनेच निकालात काढला आहे.

अचूकता की खात्री?

महागडे काडतूस अधिक अचूक आणि म्हणून अधिक गुण, अशी समजूत नवशिक्या नेमबाजांत सर्रास आढळते. रायफलीच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तिची तपासणी करावयास हवी.

नेमबाजाच्या हाताची चूक आणि काडतुसाचा विखुरलेपणा या परस्परांपासून स्वतंत्र गोष्टी आहेत. संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे अशा दोन चुकांची साधी बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. उदाहरणादाखल कल्पिलेले आकडे घेऊ. एखाद्या होतकरू पिस्तूल नेमबाजाच्या हातामुळे २५ मीटरवर गोळ्या ६० मिलिमीटरच्या वर्तुळात पसरतात आणि त्याच्या साध्या काडतुसाचा स्वतःचा पसारा २५ मिलिमीटर आहे असे मानले, तर एकूण पसारा ६५ मिलिमीटर होतो. काडतूस बदलून त्याचा पसारा १५ मिलिमीटरवर आणला, तर एकूण पसारा सुमारे ६२ मिलिमीटर होतो. अचूक टप्प्याच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे आहे. तेथे तीन मिलिमीटरच्या फरकाने फारसे काही साधत नाही.

आता ५० मीटर रायफल पाहा. तेथे दहाचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे असते. नेमबाजाचा पसारा १२ व काडतुसाचा ९ मिलिमीटर असेल, तर एकूण पसारा १५ होतो. काडतुसाचा पसारा ५ वर आणला, तर एकूण १३ होतो. येथील दोन मिलिमीटर म्हणजे दहाच्या वर्तुळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा! म्हणूनच रायफल नेमबाज काडतुसांचे 'लॉट' तपासण्यासाठी युरोपातील कारखान्यांपर्यंत जातात. एकाच नावाची काडतुसे असली, तरी कारखान्यातून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या लॉटमध्ये सूक्ष्म फरक असतो आणि एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवतोच असे नाही. इंग्लंडमधील एली आणि फिनलंडची लापुआ या कंपन्या खेळाडूच्या रायफलीवर निरनिराळे लॉट झाडून पाहण्याची सोय करतात.

पिस्तुलासाठी पहिला निकष निराळा आहे : काडतूस प्रत्येक वेळी पेटले पाहिजे आणि पुढचे काडतूस प्रत्येक वेळी नळीत चढले पाहिजे. २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसते व ७ सेकंद नाहीसे होते; त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी झाडायची असते. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंदांत झाडाव्या लागतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळविले ते याच प्रकारात. चार सेकंदांच्या फैरीत एक काडतूस फुसके निघाले, तर नियम मर्यादित सवलत देतात. परंतु मनाची बसलेली घडी नियमाने परत मिळत नाही.

दुसरा निकष धक्क्याच्या सारखेपणाचा. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे तिचा संवेग. तितकाच धक्का उलट दिशेने हाताला बसतो. हा धक्का प्रत्येक वेळी सारखा असेल, तरच पिस्तूल उसळून ठराविक वेळात जागेवर येते आणि फैरीला लय सापडते. पिस्तुलासाठी म्हणून वेगळी काडतुसे कारखाने काढतात ती याच कारणाने. थोडक्यात, नवशिक्या पिस्तूल नेमबाजाने मध्यम किमतीचे, आपल्या पिस्तुलात न अडकणारे, एकाच लॉटचे काडतूस शक्य तितके साठवावे आणि अतिमहाग काडतुसाचा विचार हाताचा पसारा आटोक्यात आल्यावर करावा. दुकानदार याच्या उलट सांगतील.

प्रॅक्टिकल नेमबाजी आणि पुनर्भरणाचे तर्कशास्त्र

वर वर्णिलेल्या प्रकारांत खेळाडू एका जागी उभा राहून नेम धरतो. प्रॅक्टिकल नेमबाजीत तो धावतो, आडोशामागून नेम साधतो, मासिक बदलतो; मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागून निकाल काढतात. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया (मिसुरी) येथे स्थापन झाली. अचूकता, बल आणि वेग ही तिची तीन मूल्ये आहेत.

यातील 'बल' मोजण्यासाठी 'पॉवर फॅक्टर' हा आकडा वापरतात. गोळीचे ग्रेनमधील वजन व तिचा सेकंदाला फुटांत मोजलेला वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागले की हा आकडा मिळतो. १२४ ग्रेनची ९ मिलिमीटर गोळी सेकंदाला १०५० फूट वेगाने जात असेल, तर तो १३०.२ येतो. 'मायनर' वर्गासाठी किमान १२५ लागतो. 'स्टँडर्ड' विभागातील 'मेजर' वर्गासाठी १७०. मेजर वर्गात लक्ष्याच्या मध्याबाहेर लागलेल्या गोळीला अधिक गुण मिळतात, कारण अधिक धक्का सोसून ती झाडलेली असते. पदार्थविज्ञानाच्या परिचित एककांत १२५ म्हणजे सुमारे २.४७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, ०.२२ काडतुसाचा संवेग ०.८४ च्या आसपास, म्हणजे त्याच्या एक-तृतीयांश भरतो.

येथे खेळाडूची अडचण सुरू होते. बाजारातील काडतुसे किमान मर्यादेपेक्षा बरीच जोरकस असतात. तो अधिकचा धक्का त्याला वेळेच्या रूपाने महाग पडतो. याउलट मर्यादेच्या खाली गेले, तर गुणच नाहीत. स्पर्धेत खेळाडूची काही काडतुसे काढून घेतात, गोळीचे वजन करतात आणि वेगमापकावर वेग मोजतात. म्हणून खेळाडूला मर्यादेच्या किंचित वर राहणारे, आपल्या पिस्तुलाला मानवणारे काडतूस हवे असते. असे काडतूस तो स्वतः भरतो. भरपूर सराव करणाऱ्याच्या बाबतीत पैशाचीही बचत होते, कारण काडतुसाचा सर्वांत टिकाऊ भाग, म्हणजे पुंगळी, पुन्हा पुन्हा उपयोगात येतो.

कृती वर्णनाला सोपी आहे. पुंगळी साफ करावयाची, साच्यातून दाबून मूळ मापावर आणावयाची, जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, दारू मोजून घालावयाची, गोळी ठरलेल्या खोलीवर बसवून पुंगळीचे तोंड आवळावयाचे. धोका या साधेपणातच आहे. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली, तर पिस्तूल हातात फुटू शकते. दारू पडलीच नाही, तर टोपीच्या बळावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फाटते. दारूचे प्रमाण कारखान्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाबाहेर जाऊ न देणे, हा परदेशातील प्रत्येक पुनर्भरण करणाऱ्याचा पहिला नियम असतो. हवामानाचाही परिणाम होतो : उन्हात तापलेली दारू सामान्यतः अधिक वेगाने जळते, तेव्हा थंडीत मर्यादेच्या काठावर बसविलेले प्रमाण उन्हाळ्यात वेगळे वागते. मे महिन्यात ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यात ही बाब केवळ पुस्तकी ठरणार नाही.

कायद्याची चौकट

प्रस्तुत लेखकाला या विषयावर बोलताना अनेकदा असा प्रश्न विचारला जातो, की मग आपल्याकडे असे का करू नये? त्याचे उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये आहे. या अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र वा दारूगोळा यांचे उत्पादन, विक्री, दुरुस्ती वा चाचणी करता येत नाही. कलम २ मधील दारूगोळ्याची व्याख्या इतकी व्यापक आहे, की तीत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे भरलेले काडतूस दूरच, ते भरण्याचा हातदाबाचा साचादेखील व्याख्येत सामावतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत गेली आहे. परदेशी पुस्तके वा चित्रफिती पाहून घरी प्रयोग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

दुसरा अडसर काडतुसाच्या मापाचा. प्रॅक्टिकल नेमबाजीत सर्वाधिक प्रचलित असलेले ९ मिलिमीटर काडतूस भारतात निषिद्ध बोअरमध्ये मोडते. ते सेना व पोलीस दलांचे काडतूस होय. सामान्य परवानाधारकाला ०.३२ सारखी मापे खुली आहेत. सेंटरफायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची मापे चालतात, त्यात ०.३२ बसते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी या प्रकारात ५९० गुणांसह सुवर्णपदक मिळविले होते. मात्र हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे त्याकडे वळणारे थोडे.

खेळाडूंसाठी कायद्याने सवलती दिल्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षे असली, तरी प्रशिक्षणाच्या ओघात नियमांनी ठरविलेल्या अटींवर त्याहून लहान व्यक्तीला शस्त्र हाताळता येते. शस्त्र नियम, २०१६ आणि २०२० मधील सुधारणा यांनी नामांकित नेमबाजांना बारापर्यंत शस्त्रे बाळगण्याची मुभा दिली, होतकरू नेमबाजांना दोन शस्त्रांची सोय केली आणि सरावाच्या काडतुसांची मर्यादा वाढविली. परंतु या सवलतींचा लाभ उत्तरोत्तर पात्रतेशी बांधलेला आहे. ठरलेली गुणसंख्या गाठल्यावर आयातीचा मार्ग खुला होतो. ती गाठण्यासाठी लागणारा सराव मात्र त्याआधी करावयाचा असतो. कोंडी नेमकी येथे आहे.

आकड्यांत सांगावयाचे, तर दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाला दोनशे सरावदिवस धरले, तरी वीस हजार काडतुसे लागतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांच्या सरावाच्या काडतुसांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांना कर्ज काढावे लागल्याचे वृत्त २०२४ साली वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले होते. त्यांना शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा आधार होता आणि कोल्हापूरला नेमबाजीची परंपरा आहे. जेथे या दोन्ही गोष्टी नाहीत तेथे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. भिल्ल, पावरा आदी समाजांत धनुष्यबाणाची परंपरा जुनी आहे. त्यावरून येथील मुले उपजतच नेमबाज असतात, असे भाषणांतून सांगितले जाते. हे विधान आकर्षक असले, तरी त्यावर फार भिस्त ठेवू नये. डोळा, श्वास व संयम यांचे संस्कार उपयोगी पडतीलही. पण २५ मीटर पिस्तुलाचे तंत्र हजारो गोळ्यांच्या सरावानेच येते आणि तो सराव परंपरेतून मिळत नाही.

भूगोलाचा एक विरोधाभास येथे नोंदविण्यासारखा आहे. नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने भुसावळला गेले, की जवळच वरणगाव येथे १९६४ साली स्थापन झालेला आयुध निर्माणी कारखाना आहे. लहान शस्त्रांची काडतुसे हे त्याचे मुख्य उत्पादन. १८६९ सालचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि वरणगाव हे दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत. खानदेशात काडतुसे तयार होतात. खानदेशातील खेळाडूचे स्पर्धेचे काडतूस मात्र युरोपातून येते, आणि ते झाडण्यासाठी त्याला चारशे किलोमीटरपलीकडील बालेवाडी किंवा मुंबईचे वरळी गाठावे लागते. देशी कारखान्यांचा भर साहजिकच सैन्याच्या गरजेवर आहे. स्पर्धेच्या दर्जाचे ०.२२ काडतूस देशात मुबलक व स्वस्त निघाले, तर त्याचा पहिला लाभ अशाच जिल्ह्यांना होईल.

तोवर महाविद्यालयांपुढे व्यवहार्य मार्ग १० मीटर एअर पिस्तूलचा आहे. यात दारू नाही, टोपी नाही, पुंगळी नाही. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो. त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आत राहते. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्रांना शस्त्र परवान्याची आवश्यकता नसते. सुरक्षित भिंत व नियमांचे पालन असेल, तर मोठ्या वर्गखोलीतही रेंज उभी राहते. येथील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असल्याने हाताची शिस्त तर २५ मीटरपेक्षा अधिकच लागते. एनसीसीमध्ये ०.२२ रायफल हाताळलेल्या छात्राला नेम व चाप यांचा प्राथमिक संस्कार झालेला असतो. पिस्तुलाकडे वळविण्यासाठी तो गट सर्वांत योग्य ठरतो. याला पूरक म्हणून गोळीविना सराव, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या भिंतीवर चाप ओढण्याचा सराव, रोज करता येतो. अनुभवी नेमबाजांच्या वेळापत्रकात त्याला मोठे स्थान असते, आणि त्याला खर्च काहीच नाही.

छर्ऱ्यांच्या बाबतीत निवडीचा अभ्यास महाविद्यालयातच करणे शक्य आहे, आणि येथे बहुविद्याशाखीय सहकार्याला खरा वाव आहे. स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५० अशा सूक्ष्म फरकाच्या डोक्याच्या मापांत मिळतात. रसायनशास्त्र विभागाच्या तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत वजन करता येते. एका डबीतील शंभर छर्रे तोलून त्यांचे सरासरी वजन व प्रमाण विचलन काढणे हा संख्याशास्त्राच्या द्वितीय वर्षाचा उत्तम प्रकल्प होईल. त्यानंतर पिस्तूल पकडीत घट्ट बसवून दोन लॉटचा कागदावरील पसारा मोजावा आणि वर सांगितलेल्या वर्गांच्या बेरजेने खेळाडूच्या पसाऱ्याशी त्याची तुलना करावी. एकाच लॉटच्या डब्या मोठ्या संख्येने घ्याव्यात, डबीवरील लॉट क्रमांक सरावाच्या वहीत लिहावा. शिसे विषारी असल्याने छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज कोणी काही खाऊ नये, लक्ष्यामागील पेटीत साचलेले शिसे झाडूने न उडविता ओल्या फडक्याने गोळा करावे, आणि एनसीसीचे जिवंत काडतूस कुतूहलापोटीही प्रयोगशाळेच्या तराजूवर येऊ देऊ नये.